सभा धरणारा

रामकिशन गजभारे भाषण करताना समोरच्या माणसांकडे क्वचितच बघायचा. त्याचे डोळे रस्त्यावर असायचे. टेकाडाआडून रस्ता वळतो तिथं धुळीचा लोट उठला की त्याच्या आवाजाला चढ यायचा. लोट विरून त्यातून नुसती एसटी निघाली, की तोच आवाज अलगद खाली उतरायचा, एखादी जुनी गोष्ट उकरून काढायचा, पुढं बसलेल्या म्हाताऱ्याच्या फेट्याची थट्टा करायचा. लोक हसायचे. हसणारा माणूस उठून जात नाही, हे रामकिशनला ठाऊक होतं. बोलताना त्याचा उजवा पाय मात्र सतत हलत असायचा, जणू तो पाय सभेत नव्हताच, रस्त्यानं पुढं निघालेला होता.

आमदार व्यंकटराव सभेला कधी वेळेवर येत नसत. तो विसराळूपणा नव्हता, त्यांची पद्धत होती. माणसं जमावीत, त्यांनी वाट बघावी, थोडी वैतागावीत, आणि जीप दिसताच सगळी एकदम उठून उभी राहावीत, असं त्यांना लागे. तोवर माणसं जागेवर बसवून ठेवायची, हे रामकिशनचं काम. याला त्या भागात सभा धरणं म्हणत. सभा धरणाऱ्यानं 'मी' म्हणायचं नसतं. साहेब म्हणतात, साहेबांनी सांगितलंय, साहेबांच्या मनात आहे, असंच बोलायचं. त्याच्या बदल्यात त्याला एक मान असायचा. तो जे बोलला ते साहेबांचंच बोलणं धरलं जायचं आणि साहेब ते सहसा मोडत नसत. एका गावात मोडलं, तर पुढच्या गावात सभा कोण धरणार?

आवाज घरातूनच आलेला. बाप ग्यानोबा सावरटाकळीत दवंडी द्यायचा. सावरटाकळी हे अहमदपूर तालुक्याच्या कडेचं, कंधारच्या शिवेला चिकटलेलं गाव. बाजाराला कंधार, दवाखान्याला नांदेड, आणि जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं तर पार उस्मानाबाद, वाटेत मुक्काम करून. शेतसाऱ्याची वसुली असो, देवीची लस असो की पाटलाच्या घरचं लग्न, गावाला ते ग्यानोबाच्या तोंडून कळायचं. छप्पन सालानंतर वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ग्यानोबानं डफडं उचललं आणि पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

"कामून रे?" पाटलानं विचारलं.

"आता दुसऱ्याचा सांगावा गावभर वरडणार न्हाई."

एवढंच बोलून तो परतला. त्यानंतर तो फार बोलतच नसे. तो मोठा आवाज त्याच्या छातीत तसाच मिटून राहिला.

रामकिशन मॅट्रिक झाला, नांदेडला कॉलेजात वर्षभर राहिला, खाणावळीचं जमेना म्हणून परत आला. व्यंकटराव तेव्हा पंचायत समितीचे सभापती व्हायच्या खटपटीत होते. कंधारच्या बाजारात त्यांच्या सभेचा भोंगा बंद पडला, माणसं पांगायला लागली, आणि गर्दीतला हा पोरगेला तरुण ओट्यावर चढून नुसत्या गळ्यानं बोलू लागला. पार बैलबाजारापर्यंत ऐकू गेलं. संध्याकाळी तो जीपमध्ये बसून गेला. चार दिवसांनी घरी आला तेव्हा ग्यानोबा बाजेवर बसून दोरासाठी वाख वळत होता. मान वर न करता म्हणाला, "मी टाकलेलं डफडं तू उचललंस."

"बा, हे राजकारण हाय."

"आसंल."

बहात्तर साल आलं. व्यंकटराव नुकतेच आमदार झाले होते आणि पाऊस नव्हता. सावरटाकळीच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. चार-पाच गावं त्या एका भिंतीवर राबत होती. रामकिशनची बायको सरजाबाई तिथं माती वाहायची. कामावर पाण्याची दोन पिंपं होती. एक बाभळीखाली सावलीत, दुसरं खडीच्या ढिगापलीकडं उन्हात. कुणी पाटी लावली नव्हती, तरी कोणी कुठलं पाणी प्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. टँकर आधी सावलीतलं पिंप भरायचा. मागून उरलंसुरलं, तळाचा गाळ ढवळलेलं पाणी उन्हातल्या पिंपात पडायचं, आणि दुपारपर्यंत ते चहासारखं तापायचं.

आमदार कामाची पाहणी करायला येणार म्हणून भिंतीखाली सभा ठेवली होती. रामकिशन मातीच्या ढिगावर उभा राहून ती धरत होता. जीपचा पत्ता नव्हता. त्यानं दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर विनोद केला, परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर केला. लोक आधी हसले, मग हसेनासे झाले. घसे वाळले होते. बायकांमधून सरजाबाईचा आवाज आला. ती नवऱ्याला चारचौघांत कधी हाक मारत नसे.

"भाकरीचं झालं. पाण्याचं बोला की."

रामकिशननं रस्त्याकडे पाहिलं. धूळ नव्हती. त्यानं उन्हातल्या पिंपाकडे पाहिलं. त्याच्या कडेला एक म्हातारा ओंजळीत पाणी घेऊन ते निवायची वाट बघत बसला होता. तो ग्यानोबा होता.

"साहेबांनी सांगितलंय," रामकिशन म्हणाला, आणि पुढचं वाक्य कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही, "उद्यापासून पिंप एकच. सावलीतलं. रांगबी एकच. जो आधी येईल तो आधी पिईल."

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या ओळीतले फेटे एकमेकांकडे वळले. आणि त्याच वेळी टेकाडाआडून धूळ उठली.

जीपमधून उतरताउतरताच कुणीतरी व्यंकटरावांच्या कानाला लागलं. त्यांचा चेहरा क्षणभर घट्ट झाला. मग ते ढिगावर चढले, मागच्या ओळींकडे नजर टाकली, तिथं किती माणसं आहेत ते पाहिलं आणि हात वर केला. "मी सांगितलं म्हणजे सांगितलं."

आता टाळ्या पडल्या, त्याही मागून.

दुसऱ्या दिवशी पिंप एकच झालं. काही जण घरून कळशा आणू लागले. दोनदा मारामारीपर्यंत आलं. पण उन्हात एवढ्या लांबून कळशी किती दिवस आणणार? उन्हाळा संपेस्तोवर रांग एकच झाली.

जीपमध्ये व्यंकटराव म्हणाले होते, "विचारून बोलत जा रामकिशन." थोड्या वेळानं काचेबाहेर बघत पुन्हा म्हणाले, "पण बरं बोललास."

पुढची दहा-बारा वर्षं व्यंकटराव त्या एका वाक्यावर चालले. ज्या वस्त्यांनी त्यांना कधी दारात उभं केलं नसतं, तिथं त्यांना हार पडू लागले. मुंबईहून आलेल्या पत्रकारांना ते पिंपाची गोष्ट सांगायचे. "मी त्या दिवशी ठरवलं," अशी तिची सुरुवात असायची. आणि गावोगाव, जीप यायच्या आधी, तीच गोष्ट रामकिशनलाही सांगावी लागे. बहात्तरला साहेबांनी काय केलं ते आठवा, मंडळी! त्यानं ती इतक्यांदा सांगितली, की कधीकधी आंघोळ करताना त्यालाच शंका यायची. तांब्या हातात तसाच राहायचा. ते वाक्य खरंच आपलं होतं का?

व्यंकटराव एकदा पडले, पुन्हा निवडून आले, साखर कारखाना काढला, राज्यमंत्री झाले. जीप जाऊन पांढरी मोटार आली, पण लोक तिलाही जीपच म्हणत. मधल्या काळात मतदारसंघ नव्यानं आखले गेले आणि सावरटाकळी शेजारच्या राखीव जागेत गेली; वस्तीनं दीक्षा घेतली असली तरी कागदोपत्री जात जुनीच होती. तेव्हापासून, त्या जागेवर आपणच उभं राहावं, ही गोष्ट रामकिशनच्या मनात घर करून बसली. त्यानं ती एकदाच, उदगीरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, बोलून दाखवली. व्यंकटराव पान जुळवत होते. "नवा जिल्हा होऊ दे," ते म्हणाले. "मग तुझंच बघायचंय."

नवा जिल्हा झाला. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर नुसतं फुललं होतं. सावरटाकळीहून माणसं ट्रकमधून गेली. आता कचेरी जवळ आली, आता मुक्काम नको, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. रामकिशननं त्या गर्दीत सरजाबाईला नवी चप्पल घेऊन दिली आणि म्हणाला, "आता आपलं होतंय."

"काय होतंय?"

"बघशील."

मग व्यंकटराव म्हणाले, निवडणूक लागू दे. रामकिशन वाट बघत राहिला. घरी जेवायला बसला तरी मोटारीचा आवाज आला की घास हातात तसाच राही. झोपेत पाय हलायचा. सरजाबाई म्हणायची, "कुठं चाललाव झोपंत? टेका की जरा."

निवडणूक लागली तेव्हा पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता. राखीव जागेचा उमेदवार साहेब स्वतः जाहीर करणार, आणि तेही सावरटाकळीच्या तलावाखालच्या मैदानात, असं ठरलं. तलावाच्या तळाला जनावरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल तेवढा उरला होता. सकाळी साहेबांच्या प्रचारगाडीचा ड्रायव्हर श्रीमंत भोंगे उतरवायला आला. रामकिशननं नवा पांढरा सदरा घातला होता. श्रीमंतनं तो पाहिला आणि नजर वळवली.

"काय झालं, श्रीमंत?"

"काय न्हाई, भाऊ."

"बोल."

श्रीमंतनं भोंग्याची वायर उगाच दोनदा गुंडाळली, सोडली. "तिकीट पंढरीला दिलंय. कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या आणतो, तो. रातीच ठरलं लातूरला."

"पंढरी? त्याच्या तोंडून तर शब्द फुटत न्हाई."

"साहेब त्येच म्हणले." श्रीमंत घुटमळला. "म्हणले, रामकिशन लई बोलतो. बोलणारा स्टेजला बरा, इधानसभेत न्हाई."

रामकिशनचा पाय थांबला होता. श्रीमंतला ते पाहून भीती वाटली असावी, कारण तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "भाऊ, आईका. साहेब लवकर येत न्हाईत. ते यायच्या आधी तुमीच तुमचं नाव बोलून टाका. साहेबांनी सांगितलंय म्हना. हजारो मानसांपुढं काय करतील? बहात्तरला गिळलंच की!"

ऊन चढलं तशी माणसं येत गेली. ट्रक, बैलगाड्या, सायकली. बायका डाव्या हाताला, पुढं सरजाबाई, तीच लातूरची चप्पल मांडीखाली सारून बसलेली. तिच्या शेजारी केवळाबाई. केवळाबाईचं घर पाटलांच्या भावकीतलं. बहात्तरला तीही याच भिंतीवर माती वाहायची आणि तोंडाची फटकळ म्हणून साऱ्या शिवारात माहीत होती. पार मागं, भिंतीच्या सावलीला, काठीवर हनुवटी टेकून ग्यानोबा. त्याला आता ऐकू कमी यायचं. मुलाच्या सभेला तो आजवर कधी आला नव्हता. ही घरासमोर होती म्हणून आला असेल.

रामकिशननं माइक हातात घेतला. सभा धरायला लागला. नव्या जिल्ह्याचं बोलला, रस्त्यांचं बोलला. डोळे टेकाडाकडे. श्रीमंतचं बोलणं डोक्यात घोंगावत होतं आणि ते अवघड नव्हतं. चार शब्द. साहेबांनी सांगितलंय, रामकिशन गजभारे. लोक टाळ्या वाजवतील, साहेब उतरतील, चेहरा घट्ट होईल, हात वर होईल. मी सांगितलं म्हणजे सांगितलं. मग तो आमदार. साहेबांच्या तोंडचा आमदार.

"साहेबांनी सांगितलंय..."

मैदान गप्प झालं. उमेदवाराचं नाव येणार हे सगळ्यांना कळलं. सरजाबाईनं मान वर केली. रामकिशननं टेकाडाकडे पाहिलं आणि मग, कधी नव्हे ते, नजर काढून समोर आणली. किती तोंडं होती! यांतली किती तो ओळखत होता, आणि किती वर्षं त्यानं त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. मागं ग्यानोबानं कानामागं हात धरला होता.

"न्हाई," रामकिशन म्हणाला. "साहेबांनी काही सांगितलेलं न्हाई."

भोंग्यातून खरखर आली. श्रीमंत तारेजवळ उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

"बहात्तरलाबी सांगितलं नव्हतं. इथं दोन पिंपं होती. एकच करा, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते मी बोललो होतो. मी."

तो शब्द त्याला इतका अनोळखी वाटला की त्यानं तो पुन्हा म्हणून पाहिला. आता आरडाओरडा होईल, कुणी खोटारडा म्हणेल, अशी त्यानं वाट बघितली. सभेतून एक हसणं उठलं. केवळाबाईचं.

"आँ? ह्ये काय नवं सांगून राह्यलास का?" ती बसल्या जागेवरून ओरडली. "जीप तवा दिसतबी नव्हती, मेल्या! तू बोललास, मंग ती आली, अन् साहेबाचं तोंड कसं झालं ते दिसलं. आमाला काय डोळे न्हाईत का?"

मैदान हसलं. पुढचे फेटेही हसले.

"ठाऊक होतं? सगळ्यांला?"

"मंग! तवा माझा मालक लई खवळला तुझ्यावर. म्हणला, ह्या ग्यानोबाच्या पोराची जीभ कापावी." केवळाबाईनं पदर खोचला. "आमीच म्हणत होतो, ह्यो बाबा दरसाली आपलं त्याच्या नावावर कामून करून राह्यलाय?"

रामकिशन ज्याला आपलं गुपित समजून इतकी वर्षं आतल्या आत चोळत बसला होता, ते गावाच्या उघड्या माळावर पडलेलं होतं, जाणारायेणारा रोज बघत होता.

"मंग आता काय म्हणतूस?" मागून एकजण ओरडला. "उभा राहतूस का?"

"हाव."

"कोण्या पार्टीकडनं?"

"कोण्याबी न्हाई."

"मंग पडशील!"

"पडन," रामकिशन म्हणाला, आणि पहिल्यांदाच सभेबरोबर स्वतः हसला.

मग त्यानं सूर्याकडे पाहिलं. भिंतीलगतची सोडली तर मैदानात सावली नव्हती. बायका पदरानं वारा घेत होत्या. जनावरांच्या पाण्याची वेळ टळून गेली होती आणि ही सगळी माणसं त्याच्या एका शब्दासाठी बसून राहिली होती, जशी दरवेळी बसत. "जावा आता," तो म्हणाला. "जनावरं खोळंबली असतील. सभा झाली."

आधी कुणी हललं नाही. सभा अशी संपते, हे कुणाला माहीत नव्हतं. मग सरजाबाई उठली, चप्पल पायात घातली, पदर झटकला. तिच्यामागं केवळाबाई. मग सगळं मैदान उठलं, उभं राहिलं, आणि चालू लागलं.

पांढरी मोटार टेकाडाआडून आली तेव्हा दोन माणसं सतरंज्या गुंडाळत होती. व्यंकटराव उतरले. मागच्या सीटवर पंढरी हार घालून घ्यायला वाकवलेली मान घेऊन तसाच बसून राहिला.

"माणसं कुठंयत?"

"घरी गेली, साहेब."

"तुला धरायला ठेवलं होतं ना?"

"धरली होती," रामकिशन म्हणाला. "लई वरीस धरली."

व्यंकटराव हुशार होते, त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मोटार वळली आणि धूळ उडवत गेली. रामकिशननं माइक श्रीमंतच्या हातात दिला. श्रीमंत कुजबुजला, "भाऊ, मी तुमाला दुसरंच बोलायला सांगितलं होतं."

"म्हाईत हाय."

भिंतीच्या सावलीला ग्यानोबा अजून बसला होता. रामकिशननं हात देऊन त्याला उठवलं. बापलेक वस्तीकडे निघाले. चालताचालता ग्यानोबानं विचारलं, "कोनाचा सांगावा होता आज?"

"कोनाचाबी न्हाई, बा. माझंच होतं."

ग्यानोबानं मान हलवली. त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. पण थोडं पुढं गेल्यावर त्यानं खाकरून घसा साफ केला, फार दिवस बंद असलेलं दार कुणी ढकलावं तसा.

रामकिशन त्या निवडणुकीत पडला. पंढरी आमदार झाला आणि सभागृहात काही बोलल्याचं कुणाच्या कानावर आलं नाही. व्यंकटरावांना सभा धरायला दुसरा माणूस मिळाला. लातूर जवळ आलं तरी तलावात पाणी यायचं ते पावसाच्याच मर्जीनं यायचं, आणि त्यासाठी नव्या कचेरीच्या पायऱ्या झिजवायचं काम रामकिशनच्या मागं लागलं. ते त्याला पुरून उरलं.

पण त्या आधी, प्रचाराच्या पहिल्या दिवशी, कंधारच्या बाजूच्या एका वाडीत तो ओट्यावर चढला होता. भोंगा नव्हता. समोर थोडीच माणसं, काही पारावर, काही दारात उभी. त्यानं तोंड उघडलं आणि सवयीनं डोळे रस्त्याकडे गेले. रस्ता ऊन खात पडला होता. बराच वेळ तो तिकडं बघत राहिला.

"कोन यायचं राह्यलंय का?" पारावरच्या म्हातारीनं विचारलं.

"न्हाई, मावशी," रामकिशन म्हणाला. त्याचा पाय हलत होता. "कोनी न्हाई."

आणि तो बोलू लागला.